उंदीर ओकणारा कॉर्न स्नेक आणि न जमणारे फोटो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा महिन्यांचा ॲमेलॅनिस्टिक (थोडक्यात ॲमेल, म्हणजे काळं रंगद्रव्य नसलेला) कॉर्न स्नेक, वजन ३५ ग्रॅम, घरी येऊन चार आठवडे झालेत. जवळजवळ रोज बाहेर काढून त्याचे फोटो घेताय. फोटोत तो एकतर पळत असतो, नाहीतर डोकं वेटोळ्यात खुपसून बसलेला असतो. रंग म्हणजे नुसता केशरी डाग, खवले दिसतच नाहीत, आणि फ्लॅश लावला की अंगभर पांढरे ठिपके. मागच्या आठवड्यात त्याने खाल्लेलं उंदराचं पिल्लू दुसऱ्या दिवशी ओकून टाकलं. कुणीतरी सुचवलंय की दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला की साप शांत बसतो. आणि शेवटी, कॅमेरा कोणता घ्यावा?

कॅमेऱ्याचं सगळ्यात शेवटी. फ्रिजचा विषय आधी मिटवते, कारण तो घातक आहे. सापाच्या शरीराचं तापमान बाहेरच्या तापमानावर ठरतं. थंड केलेला साप शांत झालेला नसतो, त्याचे स्नायू चालेनासे झालेले असतात. पोटात अन्न असेल तर पचन थांबतं आणि ते आतल्या आत कुजायला लागतं. श्वसनमार्गाच्या संसर्गामागेही थंडी हे नेहमीचं कारण असतं. काही पाळणारे हिवाळ्यात सापांना थंड ठेवतात हे खरं, पण ते पोट पूर्ण रिकामं झाल्यावर, तापमान थोडं थोडं खाली आणत, आठवडे घेऊन करतात. त्याचा आणि या दहा मिनिटांचा काही संबंध नाही. आणि फोटोलाही याचा फायदा होत नाही. थंड साप चपटा, ढिला पडतो, जीभ बाहेर काढत नाही, आणि जाणकार माणसाला ते फोटोत लगेच कळतं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण माझ्या अंदाजाने ते एकच आहेत. नव्या घरात आलेला, रोज हाताळला जाणारा पिल्लू-साप धड पचवत नाही आणि धड बसतही नाही. त्यामुळे फोटो सुधारायचे असतील तर सुरुवात त्याच्या पोटापासून करावी लागेल. अर्थात ओकण्याचं कारण हाताळणी हे एकच आहे असं पेटी न बघता ठामपणे म्हणता येणार नाही. आणखी तीन कारणं तितकीच नेहमीची आहेत, ती तपासून बाजूला काढा.

पहिलं, भक्ष्याचा आकार. या वयात सापाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के एवढं भक्ष्य पुरतं. ३५ ग्रॅमच्या सापाला साडेतीन ते पाच ग्रॅमचं पिल्लू, म्हणजे अंगावर नुकती लव फुटलेलं, ज्याला फझी म्हणतात ते. वजनकाटा नसेल तर जाडी बघा. सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी किंवा त्याच्या फार तर दीडपट. गिळल्यावर हलका फुगवटा दिसला पाहिजे, गाठ मारल्यासारखा गोळा नाही. तरी काटा घ्याच, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा डिजिटल, आणि तो फक्त सापासाठी ठेवा.

दुसरं, तापमान. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण पेटीच्या भिंतीला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर त्या भिंतीजवळच्या हवेचं तापमान दाखवतो, साप ज्यावर पोट टेकून बसतो त्या पृष्ठभागाचं नाही. उबदार बाजूच्या लपायच्या जागेत, पृष्ठभागावर, २९ ते ३१ अंश सेल्सिअस हवं. थंड बाजू २२ ते २४. इन्फ्रारेड थर्मामीटर बंदुकीसारखा रोखून मोजा, आणि भुसा बाजूला करून तळाचंही मोजा. हीट मॅटला, म्हणजे पेटीखालच्या ऊब देणाऱ्या चटईला, थर्मोस्टॅट नसेल तर आजच लावा. तो नसलेली मॅट ४० अंशांच्या सहज वर जाते, आणि साप भुशात शिरून थेट तिच्यावर बसला तर पोटाचे खवले भाजतात. थर्मोस्टॅटचा प्रोब मॅट आणि पेटीच्या तळाच्या मध्ये पक्का बसवा. सापाने तो ढकलून थंड बाजूला नेला तर थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गारच आहे, आणि मॅट तापतच राहते.

तिसरं, भक्ष्य आतून गोठलेलं असणं. बाहेरून मऊ लागलेलं पिल्लू मध्यभागी बर्फ असू शकतं. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून विरघळवा, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून साधारण ४० अंशांच्या पाण्यात १०-१५ मिनिटं. पोट चिमटीत दाबून बघा, कडक गोळा लागता कामा नये. मायक्रोवेव्ह नको, उकळतं पाणीही नको. बाहेरून शिजतं, आतून कच्चं राहतं आणि पोट फुटतं.

हे तिन्ही ठीक निघालं तर उरते हाताळणी. खाल्ल्यानंतर किमान ४८ तास साप हातात घ्यायचा नाही. भरलं पोट घेऊन पळणं सापाला जमत नाही, म्हणून धोका वाटला की तो पोट रिकामं करतो. आणि त्याच्या दृष्टीने वरून येणारा हात हा धोकाच असतो, तुमचा हेतू काहीही असो.

ओकल्यानंतर लगेच पुन्हा खायला घालायचं नाही. ही चूक फार होते, कारण साप उपाशी राहिला याचं माणसाला वाईट वाटतं. ओकताना पोटातलं आम्ल अन्ननलिकेतून वर आलेलं असतं, आतलं अस्तर दुखावलेलं असतं, पचनाला मदत करणाऱ्या जिवाणूंचाही काही भाग बाहेर गेलेला असतो. लगेच दिलेलं दुसरं भक्ष्य बहुधा पुन्हा बाहेर येतं आणि मग साखळी सुरू होते. म्हणून १० ते १४ दिवस काही द्यायचं नाही. पाणी ताजं, रोज बदललेलं. पेटी साफ, ओकलेल्या जागेचा भुसा पूर्ण बदललेला. त्यानंतरचं पहिलं भक्ष्य नेहमीच्या निम्म्या आकाराचं, म्हणजे दोन-अडीच ग्रॅमची पिंकी, उंदराचं लव न फुटलेलं पिल्लू. ती पचली तर आठवड्याने पुन्हा लहानच, आणि मग हळूहळू नेहमीच्या आकारावर. ओळीने तीन वेळा खाल्लेलं पोटात राहिलं की मगच साप बाहेर काढून फोटो.

पुन्हा ओकला, वजन १० टक्क्यांहून जास्त घटलं, किंवा शरीराच्या मध्यभागी पोटात काही नसताना फुगवटा दिसू लागला तर थांबू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठा. वारंवार ओकणं आणि मध्यभागाची सूज ही क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची लक्षणं असू शकतात, आणि त्याची तपासणी घरी होत नाही. ताजी विष्ठा किंवा ओकलेलं बंद डबीत घालून सोबत न्या.

एवढं थांबायचं तर फोटोंचं काय? थांबायची गरज नाही, फक्त साप बाहेर काढायचा नाही. हा महिना काचेतून फोटो घ्या. ही तडजोड वाटेल, पण पिल्लांचे सगळ्यात जिवंत फोटो मला असेच मिळतात. संध्याकाळी उजेड उतरला की कॉर्न स्नेक हिंडायला लागतो. लपायच्या जागेतून आधी नाक, मग डोळे, मग जीभ, असा तो बाहेर येतो, आणि तो क्षण हातात धरलेल्या सापाकडून कधी मिळत नाही. पेटीत उबदार आणि थंड अशा दोन्ही बाजूंना घट्ट बसणारी लपायची जागा हवी, इतकी लहान की सापाची पाठ वरच्या बाजूला टेकेल. लपायला जागा दिली की साप दिसतच नाही अशी तक्रार मी ऐकते. उलट आहे. जवळ आडोसा आहे हे माहीत असलेला साप जास्त वेळा बाहेर येतो.

काचेतून घेताना काच ओल्या फडक्याने पुसा, आतून कुठलाही स्प्रे वापरू नका. खोलीतले दिवे बंद. लेन्स काचेला काटकोनात आणि शक्य तितकी टेकवलेली. रबरी हूड असेल तर तो सरळ काचेला लावा. तिरक्या कोनातून घेतलेला फोटो काचेमुळे मऊ होतो. उजेड वरून, जाळीच्या झाकणातून आत सोडा. लाल हीट बल्ब चालू असेल तर तेवढ्यापुरता बंद करा, नाहीतर तो रंग फोटोतून काढता येत नाही. (साप लाल प्रकाश पाहू शकत नाहीत अशा समजुतीवर तो बल्ब रात्रभर चालू ठेवत असाल तर तसंही तो बदला. रात्री अंधारच हवा.)

पुढे, साप सावरल्यावर, फोटोचा दिवस तुम्ही नाही, त्याचं पोट आणि त्याची कात ठरवेल. पिल्लू-साप दर सात दिवसांनी खातो असं धरा. खाल्ल्यानंतर ४८ तास हातच लावायचा नाही, आणि कॅमेऱ्यासाठी मी ७२ तास थांबते, कारण फोटोच्या वेळी नुसतं हातात घेण्यापेक्षा जास्त उलथापालथ होते. म्हणजे चौथा ते सहावा दिवस उरला. त्यातला एकच दिवस घ्या, आणि पिल्लाला दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. ३५ ग्रॅमचं शरीर काही मिनिटांतच खोलीच्या तापमानाला येतं, म्हणून खोली २४ अंशांच्या खाली असेल तर तो दिवस सोडून द्या.

त्यावर कातीचं चक्र. वाढत्या वयात साधारण चार ते सहा आठवड्यांनी कात पडते. आधी रंग मळकट होतो, पोट गुलाबीसर दिसतं, मग डोळे दुधाळ निळे होतात. ॲमेलमध्ये हे निळेपण नीट लक्षात येत नाही, लाल डोळा धुरकट झाला की समजायचं. त्या काळात सापाला नीट दिसत नाही, त्यामुळे तो बिथरलेला असतो, आणि खालची नवी त्वचा नाजूक असते. हात लावू नका. डोळे पुन्हा स्वच्छ होतात, तेव्हा कात पडली असं वाटतं पण पडलेली नसते. ती त्यानंतर तीन-चार दिवसांनी पडते. तोवर पेटीत ओलसर शेवाळ घातलेली एक बंद डबी ठेवा, बाजूला भोक पाडून. एरवी ४० ते ६० टक्के आर्द्रता चालते, कात टाकताना ७० च्या आसपास हवी.

कात पडल्यावर ती उलगडून बघा. डोक्याकडे दोन गोल पारदर्शक टोप्या दिसायला हव्यात, डोळ्यांवरच्या. एखादी नसेल तर ती डोळ्यावरच राहिली आहे. नखाने किंवा चिमट्याने काढायच्या भानगडीत पडू नका, ओलसर डबी आणि पुढची कात यांनी बहुतेक वेळा ती निघते, दुसऱ्यांदाही राहिली तर डॉक्टर. शेपटीचं टोकही तपासा. तिथे जुन्या कातीची अंगठी राहिली तर रक्तपुरवठा तुटून टोक गळतं. हे सगळं ठीक असेल तर कातीनंतरचा दुसरा ते चौथा दिवस हा फोटोचा दिवस. रंग तेव्हा जितका स्वच्छ असतो तितका पुढच्या कातीपर्यंत पुन्हा नसतो.

म्हणजे एकत्र धरलं तर: पोट रिकामं होत आलेलं, कात नुकतीच पडलेली, खोली उबदार, आणि मागच्या आठवडाभरात हाताळणी नाही. असा दिवस महिन्यातून एकदा, फार तर दोनदा येतो. त्या एका दिवसाचे वीस फोटो रोजच्या दोनशेपेक्षा चांगले निघतात.

बसवायची युक्ती साधी आहे. अपारदर्शक वाडगं किंवा कुंडी, सापाच्या वेटोळ्याहून थोडीच मोठी. जमिनीवर मांडलेल्या सेटवर साप ठेवा, त्यावर ती हलकेच पालथी घाला, दोन-तीन मिनिटं थांबा. अंधारात तो आपणहून वेटोळं घालतो आणि डोकं वर ठेवून बसतो. दरम्यान सेटिंग ठरवून घ्या, डोकं जिथे येईल तिथे एखादं पान ठेवून त्यावर फोकस जुळवा. मग वाडगं सावकाश, कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूने वाकवत उचला. पाच ते वीस सेकंद मिळतात. निघाला तर त्याच्यामागे धावू नका, पुढ्यात तळहात धरा, त्यावर चढू द्या, आणि पुन्हा एकदा. तीन-चार वेळा झालं की पुरे, बसला असो वा नसो. वाडगं दिव्याखाली तापू देऊ नका.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते: फांदी. कॉर्न स्नेक चांगला चढतो. त्याच्या शरीराएवढ्या किंवा थोड्या जास्त जाडीची आडवी फांदी, दोन्ही टोकांना पक्की केलेली, जमिनीपासून वीतभर उंच. फांदीला विळखा घातलेला साप सपाट जागेवरच्या सापापेक्षा खूप सावकाश हलतो, कारण पडू नये हेच त्याचं मुख्य काम होतं. पार्श्वभूमी अर्धा मीटर मागे, गडद, बिनचमकीची. बाहेरून आणलेली साल किंवा फांदी ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर अर्धा तास ठेवून घ्या, त्यातून माइट्स, म्हणजे सापाचं रक्त शोषणारे बारीक किडे, येतात. देवदार आणि ताजं चीड ही लाकडं नकोत, त्यांची सुगंधी तेलं सापाच्या श्वसनाला त्रास देतात. टेबलावर सेट लावू नका. पडला तर साप जखमी होतो, आणि तिथेच तुम्ही जेवत असाल तर साल्मोनेलाचाही प्रश्न आहे. आधी आणि नंतर साबणाने हात धुवा, लहान मुलांना तर धुवायला लावाच. आणि दाराखालची फट, कपाटामागची जागा बंद करून घ्या. डोकं जिथून जातं तिथून अख्खा साप जातो.

साप काय सांगतोय ते बघत राहा. सावकाश, लांब जीभ बाहेर काढून हवा चाखतोय म्हणजे ठीक आहे, हाच फोटो हवा. मान इंग्रजी एसच्या आकारात मागे घेतली, शेपटी थरथरवायला लागला, श्वास जोरात दिसू लागला, किंवा उग्र वासाचा द्रव सोडला, की त्या दिवसाचं काम संपलं. शेपटीचं टोक कोरड्या पानांवर थरथरलं की खुळखुळ्यासारखा आवाज येतो, आणि अनेकांना तो गंमत वाटून ते व्हिडिओ काढत बसतात. तो घाबरलाय. तोंड उघडं ठेवून बसणं, नाकाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज ही मात्र भीतीची नाही, आजाराची चिन्हं आहेत. जेवणानंतरची एखादी जांभई वेगळी.

आता प्रकाश. खवले चकचकीत, किंचित फुगीर असतात, त्यामुळे प्रत्येक खवल्यात दिव्याची एक छोटी प्रतिमा उमटते. दिवा लहान असेल तर ठिपका लहान आणि जळका पांढरा. चमच्याच्या पाठीवर एकदा टॉर्च मारून बघा आणि एकदा तो खिडकीसमोर धरा, फरक लगेच दिसेल. म्हणजे फ्लॅशची ताकद कमी करून उपयोग नाही, त्याचा आकार मोठा करायला हवा. ३० बाय ४० सेंटिमीटरचा पांढरा डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा, सापापासून २५-३० सेंटिमीटरवर, वरून आणि किंचित बाजूने. फ्रेमवर ताणलेला पांढरा ट्रेसिंग पेपरही चालतो. कॅमेऱ्यावरचा समोरून येणारा फ्लॅश बंदच ठेवा. ॲमेलच्या डोळ्यात काळं रंगद्रव्य नसतं, त्यामुळे समोरून उजेड पडला की बाहुली नुसती लाल पेटलेली दिसते आणि बुबुळातले बारकावे जातात. शिवाय प्रखर प्रकाश अडवायलाही तिथे काही नसतं, आणि सापाला पापण्या नसल्यामुळे डोळा मिटून घेता येत नाही. म्हणून मी डोळ्यांच्या रोखाने फ्लॅश देत नाही आणि एका बैठकीत दहा-पंधरा झोतांच्या पुढे जात नाही.

पोलरायझर, म्हणजे चमक गाळणारा फिल्टर, लावून चमक पूर्ण घालवता येते का? एकट्या लेन्सवर लावून नाही, कारण शरीर गोल आहे आणि प्रत्येक खवल्याचा कोन वेगळा. दिव्यावर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर तिच्या काटकोनात फिरवलेला फिल्टर, असं दुहेरी केलं तर चमक जवळजवळ नाहीशी होते. पण साप मखमलीचा दिसू लागतो, गोलाई जाते. नक्षीची नोंद ठेवायला उत्तम, पोर्ट्रेटला वाईट.

तुमचा केशरी डाग ही वेगळी भानगड आहे. ॲमेलमध्ये लाल आणि केशरी इतके दाट असतात की लाल चॅनेल भरून वाहतो आणि त्यातले बारीक फरक पुसले जातात. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, हिरव्याला जास्त वजन देतो, म्हणून तो सगळं ठीक दाखवत राहतो. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा, लाल आलेख उजव्या कडेला आपटत असेल तर एक्स्पोजर ०.७ ने खाली आणा. पिवळ्या बल्बचा आणि खिडकीचा उजेड मिसळू नका, कुठला तरी एक. सुरुवातीला एक फ्रेम करड्या कार्डाची घ्या आणि व्हाइट बॅलन्स तिच्यावरून लावा. रॉ फाइल असेल तर थोडा गेलेला लाल परत आणता येतो, जेपेगमध्ये नाही. नंतर सॅच्युरेशन वाढवायचा मोह होईल. या सापाला त्याची गरज नाही, उलट केशरीचं थोडं कमी केलं की खवल्यांच्या कडा दिसू लागतात.

कॅमेऱ्याची सेटिंग, डिफ्यूज केलेल्या फ्लॅशसह: आयएसओ १०० किंवा २००, शटर १/२००, ॲपर्चर एफ/११. खोलीचा उजेड यात जवळजवळ नोंदवला जात नाही, चित्र फ्लॅशच गोठवतो, म्हणून लपलपणारी जीभही स्पष्ट येते. फ्लॅशशिवाय जीभ पकडायची तर १/१००० तरी लागेल, आणि घरात तेवढा उजेड क्वचित असतो. फोकस कायम डोळ्यावर. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर विषय निम्म्या आकारात टिपताना एफ/११ लाही जेमतेम ४ मिलिमीटर खोली स्पष्ट येते. समोरून घेतला तर नाक किंवा डोळा यातलं एकच मिळतं. बाजूने घेतला तर नाकपुडी, ओठाची कड आणि डोळा एका पातळीत येतात. म्हणून सुरुवात बाजूच्या फोटोंनी करा. एफ/१६ च्या पुढे गेलं की डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ होतं, फायदा संपतो.

आणि उंची: कॅमेरा सापाच्या डोळ्याच्या पातळीवर. वरून घेतलेला फोटो नक्षी दाखवतो, प्राणी दाखवत नाही. मोबाइल असेल तर तो उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीला टेकते. दोन पट किंवा तीन पट झूमची खरी लेन्स वापरा आणि ३०-४० सेंटिमीटरवर थांबा. रुंद लेन्सने जवळ गेलात तर नाक मोठं आणि शरीर काडीसारखं दिसतं, शिवाय फोन तोंडाशी आल्याने साप मागे सरतो. बऱ्याच फोनमध्ये जवळ गेल्यावर मॅक्रो आपोआप चालू होऊन तीच रुंद लेन्स लागते, ते सेटिंगमधून बंद करा. डोळ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग एक्स्पोजर थोडं खाली ओढा. पोर्ट्रेट मोड नको, तो जिभेची टोकं कापतो.

महिन्यातून एकदा, कातीनंतर, एक कंटाळवाणा फोटोही घेत जा: वरून, सपाट ट्रेमध्ये, शेजारी मोजपट्टी, दरवेळी तोच उजेड. साप सरळ करायचा प्रयत्न करू नका. नंतर फोटोवर पाठीच्या मध्यरेषेने रेघ ओढून मोजपट्टीशी ताडली की लांबी निघते, आणि ओढाताणही होत नाही. एक फोटो पोटाचा, साप पारदर्शक डब्यात ठेवून खालून. भाजल्याच्या खुणा, लालसर झालेले खवले आणि माइट्सचे काळे ठिपके पोटावर आणि हनुवटीखाली आधी दिसतात. वजनाची नोंद आणि हे दोन फोटो जोडून ठेवा, पशुवैद्याला याचा फार उपयोग होतो. पाठीवरच्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक सापाची वेगळी असते, त्यामुळे ओळखीलाही हाच फोटो लागतो. तुमच्याकडे साप पाळायला नोंदणी किंवा परवाना लागत असेल तर विशेषच. तो नियम जागेप्रमाणे बदलतो, तो तुमचा तुम्हीच तपासा.

राहिला कॅमेरा. आत्ता घेऊ नका. थर्मोस्टॅट, इन्फ्रारेड थर्मामीटर, वजनकाटा आधी, आणि मग डिफ्यूझरसह एक वेगळा लावता येणारा फ्लॅश. तुमच्या सध्याच्या कॅमेऱ्याला मॅन्युअल मोड आणि फ्लॅश लावायची जागा असेल तर बॉडी बदलून काही फरक पडणार नाही. पुढे पैसे घालायचेच असतील तर ते ९० ते १०५ मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्समध्ये. ५०-६० मिलिमीटरचीही मॅक्रो असते आणि स्वस्त पडते, पण तिने तेवढाच मोठा चेहरा मिळवायला सापाच्या खूप जवळ जावं लागतं, उजेडावर लेन्सचीच सावली पडते, आणि साप तोंड फिरवतो.